दिवाळीचे ऋण
(मठाच्या वर्धापनदिनी सुरत येथे केलेल्या भाषणावरून)



वर्धापनदिनाच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मठाने मला केली, ती मी शिरोधार्य मानतो. दिवाळी अवघ्या आठ दिवसांवर आली आहे. घरोघरी भाजणीचा खमंग वास सुटला आहे, मुलांच्या परीक्षा संपत आल्या आहेत, आणि लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत राहणारी आपली खानदेशी मंडळी गावी जाण्यासाठी बोचकी बांधू लागली आहेत. अशा वेळी वेदान्तातील एखादा गहन सिद्धान्त घेऊन आपणांस बसवून ठेवावे, हे मला प्रशस्त वाटत नाही. म्हणून आपल्या ओसरीवर आणि स्वयंपाकघरात रोज वावरणाऱ्या, पण क्वचितच विचारात घेतल्या जाणाऱ्या एका गोष्टीविषयी बोलावे असे मी योजिले आहे. ती गोष्ट म्हणजे कृतज्ञता.

सणाच्या दिवशी घर भरलेले असते. पाने मांडलेली असतात, लेकी माहेरी आलेल्या असतात, आणि घरातील वडील मंडळी सहज म्हणून जातात, “देवाने आपल्याला काही कमी केले नाही.” हा उद्गार सात्त्विक आहे, यात शंका नाही. परंतु त्याच्या पोटात दोन निरनिराळ्या वृत्ती नांदत असतात, आणि त्यांतील भेद ओळखणे साधकाला आवश्यक आहे. एक वृत्ती समाधानाची. ती भरलेल्या पानाकडे पाहते आणि तृप्त होते. दुसरी वृत्ती कृतज्ञतेची. ते पान कोणी भरले, कशाने भरले, आणि भरणाऱ्याला त्यासाठी काय सोसावे लागले, याची ती चौकशी करते. समाधान पुष्कळदा येथेच डोळे मिटून घेते. कृतज्ञतेला डोळे उघडे ठेवावे लागतात.

शब्दाचा अर्थच तसा आहे. ‘कृत’ म्हणजे केलेले आणि ‘ज्ञ’ म्हणजे जाणणारा. आपल्यासाठी जे केले गेले ते जाणणारा तो कृतज्ञ. म्हणजे आपल्या पूर्वजांनी या गुणाची गणना केवळ भावनेत केली नाही, ज्ञानात केली. जो जाणत नाही, त्याचे मन कितीही हळवे असले तरी त्याला हा शब्द लागू पडत नाही. हीच गोष्ट आपल्या रोजच्या मराठीने आणखी सोप्या रीतीने सांगितली आहे. ती म्हणते, खाल्ल्या मिठाला जागावे. खाल्ल्या पक्वान्नाला जागावे असे ती म्हणत नाही. ताटातला जो पदार्थ सर्वांत स्वस्त, ज्याची आठवण तो नसतानाच होते, त्याच्या नावाने तिने कृतज्ञतेची व्याख्या केली. आणि क्रियापद योजिले ते ‘जागणे’. झोपलेल्या माणसाकडून हे होण्यासारखे नाही.

ही दृष्टी ठेवून दिवाळीच्या दिवसांकडे पाहिले, तर असे दिसते की ज्यांनी हा सण घडविला त्यांनी प्रत्येक दिवशी एका दात्यापुढे आपले मस्तक नमविण्याची व्यवस्था करून ठेविली आहे. आणि आपण सुरतेत राहणारी माणसे आहोत; या नगरीने गेल्या काही दशकांत जे पाहिले, त्यामुळे या दिवसांचा अर्थ आपल्याला इतरांहून अधिक स्पष्ट व्हावयास हवा.

पहिला दिवस वसुबारसेचा. त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा होते, आणि कित्येक घरांतील स्त्रिया त्या दिवशी दूध-तूप वर्ज्य करतात. ही चाल मोठी मार्मिक आहे. पूजा गाईची एकटीची नाही, वासरासह आहे. जे दूध आपण वर्षभर प्यालो त्याच्यावर पहिला हक्क त्या वासराचा होता, हे वर्षातून एक दिवस तरी ध्यानात यावे, एवढ्यासाठी तो एक दिवस आपण आपला वाटा सोडावयाचा. म्हणजे सणाचा आरंभच मुळी घेण्याने होत नाही, थांबण्याने होतो.

दुसरा दिवस धनत्रयोदशीचा. धने-गुळाचा नैवेद्य धन्वंतरीला दाखवावयाचा आणि यमासाठी दक्षिणेकडे ज्योत करून दिवा लावावयाचा. आरोग्य आणि मृत्यू या दोघांचे स्मरण एकाच संध्याकाळी! सुरतेतील ज्येष्ठांना याचा अर्थ मी सांगावयास नको. सप्टेंबर १९९४ मध्ये या शहरात प्लेगची साथ आली, तेव्हा भयाने लक्षावधी लोक घरदार सोडून मिळेल त्या गाडीने बाहेर पडले. अनेक खाजगी दवाखान्यांना कुलपे लागली. अशा वेळी सरकारी रुग्णालयांतील कित्येक डॉक्टर, परिचारिका आणि वॉर्डातील कामगार आपल्या जागी उभे राहिले. टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटणारे आणि औषध फवारणारे हात गल्लोगल्ली फिरले. त्यांनाही मुलेबाळे होती आणि स्टेशनाकडे जाणारा रस्ता त्यांनाही ठाऊक होता. त्यानंतर सुमारे सहा आठवड्यांनी जी धनत्रयोदशी आली, तिच्या दिव्याने त्या वर्षी सुरतेत कोणाला वंदन केले असेल, याचा आपणच विचार करावा. धन्वंतरी पुराणात अमृतकुंभ घेऊन समुद्रातून वर आला. येथे तो पाळी संपल्यावरही घरी गेला नाही, एवढाच काय तो फरक.

तिसरा दिवस नरकचतुर्दशीचा. पहाटेचे अभ्यंगस्नान, उटणे, पायाखाली फोडलेले कारीट. सुरतेत हे स्नान म्हणजे तापीमाईचा स्पर्श होय. मध्यप्रदेशात मुलताईजवळ उगम पावून, सातशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास करून, खानदेशाची काळी माती भिजवून ही नदी आपल्या दाराशी येते. तिच्याच खोऱ्यातून १९०० च्या सुमारास ताप्ती व्हॅली रेल्वे पुरी झाली, आणि पुढे त्याच वाटेने खानदेशातील माणसे कामासाठी येथे येत राहिली. म्हणजे आपल्यापैकी पुष्कळांच्या बाबतीत गावचे पाणी आणि गावचा माणूस एकाच रस्त्याने सुरतेला आले. हे पाणी नळाला येते म्हणून आपण त्याला गृहीत धरतो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड विसर्ग झाला आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला, तेव्हा चोहोकडे पाणीच पाणी असूनही वरच्या मजल्यांवर अडकलेल्या कुटुंबांना प्यावयाच्या पाण्याचा तांब्या दुर्मीळ झाला होता. ज्याने त्या दिवसांत होडीतून आलेली पाण्याची पिशवी हातात घेतली असेल, त्याला अभ्यंगस्नानाचा पहिला तांब्या अंगावर घेताना डोळे मिटावेसे वाटले, तर त्यात नवल नाही.

आणि त्या स्नानाविषयी आणखी एक सांगावयाचे आहे. घरातील सर्वांना सूर्योदयापूर्वी ऊन पाणी मिळावे, म्हणून पहाटे तीनला कोण उठते? तेल-उटणे कालवून ठेवणारी, मुलांना उठविणारी, फराळाची ताटे मांडणारी ती गृहिणी स्वतः कितव्या क्रमांकाने नहाते? पुष्कळ घरांत ती सर्वांच्या शेवटी नहाते, आणि तोपर्यंत उजाडलेले असते. ज्यांना दूरच्या दात्यांचे ऋण दिसत नसेल, त्यांनी निदान भिंतीपलीकडच्या या ऋणापासून आरंभ करावा.

चौथा दिवस लक्ष्मीपूजनाचा. लाह्या-बत्तासे, नाणी, चोपड्या आणि त्यांच्याबरोबर एक नवी केरसुणी. आपल्या धर्मातील ही गोष्ट मला नेहमी अत्यंत थोर वाटत आली आहे. विष्णूच्या पत्नीचे प्रतीक म्हणून आपण हिरा ठेवीत नाही, रेशीम ठेवीत नाही. आणि या दोन्ही वस्तूंसाठी तर सुरत जगात प्रसिद्ध आहे. आपण ठेवितो ती केर काढावयाची केरसुणी. तिला हळदकुंकू वाहतो आणि हात जोडतो.

या नगरीला केरसुणीचे माहात्म्य पोथीतून शिकावे लागले नाही. प्लेगनंतर १९९५ मध्ये श्री. एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले, आणि अस्वच्छतेसाठी बदनाम झालेल्या सुरतेचा कायापालट अल्प काळात घडून आला. त्याची नोंद देशाने घेतली. आयुक्तांच्या कर्तृत्वाला योग्य तो मान मिळालाच पाहिजे. परंतु अधिकाऱ्याची आज्ञा रस्त्यावर उतरते ती कोणाच्या तरी हातातील झाडूच्या रूपाने. सहस्रावधी सफाई कामगारांनी भल्या पहाटे, आणि मोठ्या रस्त्यांवर तर रात्रीच्या वेळी, हे काम केले व आजही करीत आहेत. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेला देशात पहिले स्थान मिळाले, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने एकमेकांचे अभिनंदन केले. त्या अभिनंदनातील किती वाटा ज्याचा त्याला पोहोचला?

आता पाचव्या दिवसाची, पाडव्याची पहाट पाहा. हा आपला बलिप्रतिपदेचा दिवस आणि आपल्या गुजराती बांधवांच्या नव्या वर्षाचा पहिला दिवस. दोन्ही भाषांचा हा सण एकाच सूर्योदयाला येतो. या पहाटे गुजरातेत एक जुनी रीत आहे. अंधार असतानाच मुले ‘सबरस, सबरस’ अशी हाळी देत दारोदार मीठ घेऊन येतात, आणि वर्षाची पहिली खरेदी म्हणून लोक चिमूटभर मीठ विकत घेतात. सबरस म्हणजे सर्व रसांचा रस. ज्या मिठाला जागावे असे मराठी सांगते, तेच मीठ गुजराती माणूस नववर्षाच्या पहिल्या प्रहरी हातावर घेतो. दोन भाषांनी एकच गोष्ट ओळखली. एकीने तिचा वाक्प्रचार केला, दुसरीने तिचा संस्कार केला.

हे मीठ कोठून येते? भारतातील मिठाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग गुजरातेत पिकतो. कच्छच्या छोट्या रणात पावसाळा संपताच अगरिया कुटुंबे मुलाबाळांसह जाऊन राहतात, जमिनीखालचे खारे पाणी उपसून वाफ्यांत सोडतात, आणि उन्हाळा येईपर्यंत ते मीठ दाताळ्यांनी ओढीत राहतात. खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षे उभे राहून त्यांच्या पायांची कातडी कठीण होते आणि तिला भेगा पडतात. आपण दिवाळीला गावी जातो, तेव्हा त्यांच्या घराला कुलूप लागलेले असते आणि ते रणात असतात. आपल्या जिभेवरील सबरस त्यांच्या पायांवरून येते.

त्याच पाडव्याच्या पहाटे आपल्या गल्लीत काय दृश्य असते? आदल्या रात्री ज्या हातांनी केरसुणीला हळदकुंकू वाहिले, त्याच हातांनी उडविलेल्या फटाक्यांचा कचरा रस्ताभर पसरलेला असतो. आपण नवी वस्त्रे नेसून फराळाला बसतो. आणि खाली कोणी एक बाई, जिच्या घरीही आज पाडवाच असतो, पदराने तोंड झाकून तो कचरा लोटीत असते. काल आपण जिला लक्ष्मी म्हणून नमस्कार केला ती केरसुणी आज तिच्या हातात आहे. तिच्याकडे खिडकीतून पाहूनही आपल्याला काही आठवत नसेल, तर कालची पूजा कोणी स्वीकारली असेल, याविषयी मला शंका आहे.

येथे एक आक्षेप उभा राहतो, आणि तो डावलून पुढे जाणे योग्य होणार नाही. कोणी म्हणेल, “कृतज्ञतेचा हा उपदेश म्हणजे गरिबाला गप्प बसविण्याची जुनी युक्ती आहे. ज्याला पोटभर मजुरी नाही, त्याने कोणाचे उपकार मानावेत?” आक्षेप घेणाऱ्याला मी वंदन करतो, कारण या उपदेशाचा असा दुरुपयोग पूर्वी झालेला आहे आणि आजही होतो. परंतु त्याचे उत्तर कृतज्ञता या शब्दातच आहे. ती घेणाऱ्याकडून मागितली जाते. ज्याने अधिक घेतले त्याचे ऋण अधिक. म्हणून झाडणाऱ्या बाईने नगराचे उपकार मानावेत असे शास्त्र सांगत नाही. नगराने त्या बाईचे मानावेत, असा त्याचा सरळ अर्थ आहे. यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या मजुराला “आहे त्यात समाधान मान” असे सांगणे हा धर्म नव्हे. ज्याच्या अंगावर त्या मागाचे कापड आहे, त्याने त्या मजुराला स्मरणे हा धर्म होय. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि थोड्याच दिवसांत सुरतेतील परप्रांतीय कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. ज्यांच्या श्रमावर ही नगरी उभी आहे, त्यांना हातचे काम थांबताच येथे परके वाटावे, ही गोष्ट आपल्या समाधानाला चरे पाडणारी आहे.

आपल्या शास्त्रकारांनी हा विचार ‘ऋण’ या शब्दात मांडला. शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे की, माणूस जन्मतो तोच ऋणी म्हणून. देवांचा, ऋषींचा, पितरांचा आणि माणसांचा. या चौथ्या ऋणाकडे, मनुष्यऋणाकडे, मी आपले लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो, कारण पहिल्या तिघांसाठी आपण विधी केले, श्राद्धे केली, ग्रंथ वाचले. चौथ्याचा मात्र वारंवार विसर पडला. आणि गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी, मिळालेले परत न देता जो एकटाच भोगतो, त्याला कोणता शब्द लावला आहे? दुर्दैवी म्हटले नाही, अज्ञानी म्हटले नाही. चोर म्हटले आहे. इतका कठोर शब्द त्या दयाघनाच्या मुखातून यावा, यावरून या गोष्टीचे गांभीर्य ध्यानात यावे.

मग करावे काय? मोठे संकल्प मी सुचवीत नाही. सण संपताच ते माळ्यावर चढविलेल्या आकाशकंदिलासारखे होतात. साध्या चार गोष्टी सांगतो. आपल्या घरी, दुकानात वा कारखान्यात जो राबतो, त्याचा पगार आणि दिवाळीचे जे देणे असेल ते धनत्रयोदशीच्या आधी त्याच्या हाती पडावे. कारण गावी जाणाऱ्याला गाडी पकडावयाची असते आणि पोरांचे कपडे घ्यावयाचे असतात. आपल्या आळीत झाडू मारणाऱ्या माणसाचे नाव ठाऊक करून घ्यावे, आणि फराळाचे ताट त्याला द्यावयाचे ते उरलेले नव्हे, देवापुढच्या नैवेद्यानंतरचे पहिले द्यावे. फटाक्यांचा कचरा त्याच रात्री, ज्याने केला त्यानेच आपल्या हाताने गोळा करावा. फुटलेली काच आणि विझलेल्या फुलबाज्यांच्या तारा वेगळ्या बांधाव्यात, म्हणजे दुसऱ्याचा हात कापला जाणार नाही. आणि पूजेचे निर्माल्य तापीत टाकू नये. पुराणे तापीला सूर्यकन्या म्हणतात, आणि यमही सूर्याचाच पुत्र. म्हणजे भाऊबीज हा सुरतेच्या नदीच्या माहेरचा सण झाला. त्या दिवशी बहिणीच्या ओटीत कोणी केर घालीत नाही.

यांतील एकही गोष्ट करावयास विद्वत्ता लागत नाही, किंवा फार धनही लागत नाही. लागते ते एवढेच की, पानावर बसल्यावर पहिला घास तोंडात घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि मनात विचारावे, हे कोणाचे? मठात आपण प्रसाद हातावर घेतो तेव्हा तो कपाळाला लावून मगच मुखात घालतो, आणि त्याचा कण खाली सांडू देत नाही. घरातल्या पानावरील अन्न, नळाचे पाणी, झाडलेला रस्ता आणि अंगावरचे वस्त्र हेही असेच कपाळाला लावून घेण्याजोगे आहे, एवढे जरी या दिवाळीत आपल्या मुलांनी आपल्याकडे पाहून शिकले, तरी मठाच्या या उत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन.

ज्यांचे मीठ आपण खाल्ले, त्या सर्वांना, नाव ठाऊक असलेल्यांना आणि नसलेल्यांना, येती दिवाळी सुखाची जावो. रणातल्या झोपडीत आणि रस्त्यावरच्या पाळीतही तिचा दिवा लागो. आणि तो लावण्यात आपला हात असावा, अशी बुद्धी श्रीगुरू आपणां सर्वांस देवोत, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.